सुनेचा खांदा

२ फेब्रुवारी

धाकटे, चष्मा कपाळावर आहे. उशीखाली शोधू नकोस. तो नाकावर आण आणि मग पुढं वाच. ही वही कुणाची म्हणून शेजारणीला विचारत फिरू नकोस. तुझ्या थोरल्या बहिणीची आहे, जिला तू परवा फोनवर दोनदा विचारलंस, "अगं, पण पडलं कोण?" दोनदा सांगितलं, मी. तिसऱ्यांदा विचारशील म्हणून फोनच ठेवून दिला.

म्हणून ही वही. मला अक्षर येत नाही आणि तुला आठवण राहत नाही. दोघींचं मिळून एखादं धड माणूस झालं तर झालं. मी सांगणार, मुलगा लिहिणार. माझा घुम्या. बावन्न वर्षांचा झाला, टपालात लोकांची पत्रं लावतो, पण स्वतःच्या तोंडातून एक ओळ बाहेर पडायची तर मुहूर्त बघावा लागतो. ते बरंच आहे. लिहिणाऱ्यानं बोलू नये. वही भरली की तुझ्याकडे पाठवीन. तोवर ती माझी खासगी, सुनेनं हात लावायचा नाही.

तर मी पडले नाही. बसले. न्हाणीघरात स्टुलावरून उठताना पाय साबणावर गेला आणि भिंतीला पाठ घासत मी खाली आले, सावकाश, एखादा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर सरकावा तशी. सून धावत आली. आमची दातवाली. खिडकीशी बसून तीन डॉक्टरांच्या कवळ्या बनवते, माझ्या तोंडातले दातसुद्धा तिचेच. दात तांदळाएवढे, आणि हातात जोरही तेवढाच. माझ्या काखेत हात घालून तिनं ओढलं. मी एक इंच वर गेले आणि दोन इंच खाली आले. पुन्हा ओढलं. हात कसले, त्यापेक्षा दुधीचे वेल बरे. तिसऱ्या खेपेला तीच घसरून माझ्या शेजारी बसली.

"शेजाऱ्यांना हाक मारते," म्हणाली.

म्हटलं, "मी अशी उघडी असताना शेजारी आत आला तर त्याला बादलीत बुडवीन. मागोमाग तुला."

मग माझ्या अंगावर टॉवेल टाकून तासभर दोघी ओल्या फरशीवर. ती सत्तेचाळीसची, मी शहात्तरची, सारख्याच निकामी. तिनं मला एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, जो स्वतःची कवळी चावून चावून तुटली म्हणून भांडायला आला होता. मी हसले. ती हसली नाही. घुम्या कामावरून आला, त्यानं मला उचललं आणि स्वतःची कंबर धरून दोन दिवस आडवा झाला.

डॉक्टरनं मला काट्यावर उभं केलं. चोपन्न किलो. मग माझ्या डोक्यावरून घुम्याशी बोलला. म्हणे, पुढच्या खेपेला खुबा मोडेल. दिवसा घरात उचलू शकणारं माणूस हवं, नाहीतर जिथं उचलणारी माणसं आहेत तिथं ठेवा. म्हणजे टेकडीवरचं घर. म्हाताऱ्यांचं गोदाम.

त्या घराच्या चादरी मी अकरा वर्षं धुतल्यात. मला तिथलं काही सांगू नये कुणी.

५ फेब्रुवारी

सून संध्याकाळी सहाला गायब झाली. आठला आली ती उकडलेल्या बिटासारखं तोंड घेऊन.

"कुठं होतीस?"

"व्यायामाला, आई."

"कसल्या?"

"हातांच्या. खांदे, पाठ, दंड."

टायरच्या दुकानामागं एक शेड आहे, तिथं माणसं लोखंड उचलतात. उचलतात आणि परत जिथल्या तिथं ठेवतात. तू विसरशील म्हणून पुन्हा सांगते, परत जिथल्या तिथं! मी तीस वर्षं धुलाईघरात काढली. ओली चादर उचलली की ती दोरीवर जायची, दोरीवरून इस्त्रीला, इस्त्रीवरून कुणाच्या तरी पाठीखाली. इथं दोन तास घाम गाळून लोखंड होतं तिथंच.

पहिल्या दिवशी तिला नुसती पोकळ दांडी दिली म्हणे, वजन न लावता. "दांडीच जड वाटली," म्हणाली. हे सांगताना लाजलीसुद्धा नाही.

घुम्यानं इथं पेन थांबवलं. म्हटलं, लिही. बायको तुझी असेल, वही माझी आहे.

७ फेब्रुवारी

सकाळी सून आरशासमोर उभी. हातात कंगवा आणि हात खांद्याच्या वर जाईना. आधी मान खाली घालून बघितली, मग कंबरेतून वाकून बघितली, बगळा मासा शोधतो तशी. दहा मिनिटं मी मजा बघितली. शेवटी म्हटलं, "ये इकडं, बस खाली."

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिची वेणी घातली. मागचे केस पांढरे झालेत, तिला ते दिसत नाहीत. मी सांगितलं नाही. घट्ट घातली वेणी, भुवया वर ओढल्या जातील इतकी. या हातांनी ओल्या चादरी पिळल्यात. कळू दे तिला, जोर कशाला म्हणतात ते.

१५ फेब्रुवारी

आता घरातही चालू झालंय. साचे घासून झाले की उठते आणि भिंतीला ढकलते. हात भिंतीवर, अंग पुढं, अंग मागं. पंधरा वेळा. भिंत हलली नाही, मी लक्ष ठेवून होते.

म्हटलं, "मागच्या जन्मी बैल होतीस का?"

"असेन."

"भिंत हलेल असं वाटतं का तुला?"

"भिंत नाही हलवायची, आई."

"मग काय हलवायचंय?"

"काही नाही," म्हणाली, आणि पुन्हा दातांशी जाऊन बसली.

काल कुठं गेली नाही. का, तर विश्रांतीचा दिवस. शिकवणाऱ्या बाईनं सांगितलंय म्हणे, स्नायू विश्रांतीतच वाढतात. तसं असतं तर घुम्याचे एव्हाना छप्पर फाडून वर गेले असते.

लिहिलेलं वाचून दाखव म्हटलं तर घुम्यानं दोन वाक्यं गाळलेली निघाली. त्याला वाटतं, मला वाचता येत नाही म्हणजे मोजताही येत नाही. हजार चादरींत एक कमी असली तर मला ढिगाच्या उंचीवरून कळायचं. परत लिहवून घेतली.

३ मार्च

तुझा डबा पोचला. खजूर, काजू आणि तुपाची बरणी. तू तो पाठवला होतास हे तुला आठवत असेल असं धरून चालते. बरणीचं झाकण सुनेला उघडेना. एक महिना लोखंड उचलून झाकण उघडेना! मी पदर धरून एका झटक्यात उघडलं. ती बघत राहिली. म्हटलं, "भिंतीला अजून ढकल."

त्याच टपालात टेकडीवरच्या घराचा अर्ज आला. सोबत गुळगुळीत कागदावर चित्रं. चित्रातल्या म्हाताऱ्या सगळ्या हसतात आणि सगळ्यांच्या हातात फुलं. फुलं कोण देणार आणि दात कोण धुणार, ते लिहिलेलं नाही. घुम्यानं वाचून दाखवलं. उचलायला दोन माणसं, चोवीस तास. एक जूनला एक खाट रिकामी होतेय.

खाट रिकामी कशी होते ते मला माहीत आहे. तिची शेवटची चादर आमच्याकडे वेगळ्या पिशवीत यायची.

धाकटे, चादर बोलते. नांदत्या घरातली चादर सगळीकडून सारखी झिजते, माणूस कूस बदलत असतो ना. तिथल्या चादरी एकाच जागी विरायच्या. कूस बदलून द्यायला कुणी यायचं नाही. आणि कडा बघशील तर चुरगळलेल्या, मुठीत धरून धरून. मी इस्त्री दाबून दाबून थकायचे, त्या सुरकुत्या जायच्या नाहीत.

घुम्या म्हणाला, "बघू." या शब्दावर त्यानं बावन्न वर्षं काढलीत. सुनेनं अर्ज उचलला आणि आपल्या कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या डब्याखाली ठेवला. जपून ठेवतेय. हरवायला नको म्हणून.

१२ मार्च

अक्षर नाही आलं तरी आकडे मला येतात. खडूनं भिंतीवर चादरी मांडत आले तीस वर्षं.

फ्रिजवर सुनेनं एक कागद चिकटवलाय. पाच, आठ, दहा, पंधरा. एकेकाला काट मारलेली. मग वीस, पंचवीस, तीस, असं खाली उतरत जातं आणि सगळ्यांत शेवटी तांबड्या पेन्सिलीनं गोल करून चोपन्न.

घुम्याला विचारलं, "हे चोपन्न काय?" तर पेन झटकायला लागला. म्हणे शाई संपली. बॉलपेनची शाई झटकून येते होय?

मग मीच ओळखलं. बाईसाहेब सत्तर किलोच्या आहेत. त्यांना चोपन्न व्हायचंय! सासूच्या मापाचं व्हायचंय. त्यासाठी ही लोखंडं, ही रबरी पट्ट्यांची ओढाताण, सकाळी दोन उकडलेली अंडी, मीठ नाही नि मिरपूड नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी शिडशिडीत होऊन कुणाला दाखवणार आहे? घुम्याला? त्याला मिशी काढली तरी आठ दिवसांनी कळतं, तीही स्वतःची.

सासू टेकडीवर जायची वेळ आली आणि सुनेला आरसा सुचतोय.

२६ मार्च

तीन दिवस गेली नाही. पंचवीसवर गाडी अडली म्हणे. उचलताना उजवा खांदा दुखला, बर्फ लावून बसली होती. म्हटलं, "झालं समाधान? आता लोखंड विकून भांडी घे."

नेहमी काहीतरी उलट बोलते. आज उठून आत गेली. दुपारी बघते तर न्हाणीघरात, दार उघडं, माझ्या स्टुलावर बसलेली. कपडे कोरडे, नळ बंद. समोरच्या फरशीकडे बघत होती, जिथं मी बसले होते तिथं.

"काय शोधतेस?"

"काही नाही, आई."

"मग ऊठ. माझा स्टूल आहे तो."

संध्याकाळी पुन्हा गेली. शिकवणाऱ्या बाईनं वजन कमी करून सुरुवातीपासून शिकवायला घेतलंय म्हणे. कोपर अंगाशी, पाठ ताठ, उचलताना श्वास सोडा. श्वास सोडायला शिकवणी!

एक खरं सांगते. तिनं सोडलं तर मला बरं वाटेल असं वाटलं होतं. तीन दिवस काही बरं वाटलं नाही. बोलायला विषय नव्हता, त्याचं असेल.

६ एप्रिल

आज ती शिकवणारी बाई घरी आली. लोखंडवाली. साठीची असेल, मान दिसत नाही, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. चहा नको म्हणाली. आधी न्हाणीघर बघितलं. माझा स्टूल वितीनं मोजला. भिंतीवर थापटून बघितलं. मग माझ्यासमोर उभी राहून माझ्याकडे असं बघितलं, जसं कपाट जिन्यातून कसं न्यायचं बघतात.

"आजी, गुडघा किती वाकतो?"

म्हटलं, "तुमच्यापुढं वाकणार नाही इतका."

हसली. दात तिचे स्वतःचे आहेत.

मग दोघी सुनेच्या टेबलापाशी गेल्या. मला कमी ऐकू येतं असं सगळ्यांना वाटतं, ते मी वाटू देते. लोखंडवाली म्हणाली, "पाय तयार झालेत. खांदा अजून कच्चा आहे." आणि आमची दातवाली काय म्हणाली? मी नीट ऐकलं. म्हणाली, "आईंसाठीच तर खांदा तयार करतेय. मेपर्यंत झालाच पाहिजे."

ऐकलंस? माझ्यासाठी खांदा! माणूस जिता आहे, तूप खातोय, आणि सून खांदा देण्याची तालीम करतेय! चौघांत एक हिचा, म्हणून दंड वळवतेय. आणि मुदतसुद्धा ठरलेली. मेपर्यंत म्हणाली की मरेपर्यंत म्हणाली, तेवढं कळलं नाही. दोन्हीचा हिशेब सारखाच.

आता चोपन्नचाही उलगडा झाला. चौघांत चोपन्न किलो, तिच्या वाट्याला साडेतेरा. त्यासाठी एवढा घाम? माझी हाडं इतकी जड वाटली?

घुम्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "आई, तसं नाही ते."

"मग कसं?"

टोपण शोधायला लागला. शपथ घातलेली दिसते. म्हटलं, पेन उचल. नवरा-बायको मिळून उचलायलाच बसलात, तर पेन तरी उचल.

७ एप्रिल

जेवायला बसलो आणि म्हटलं, "तो अर्ज आणा."

सुनेचा घास हातात राहिला. "कुठला?"

"तुझ्या प्लास्टरखालचा. अंगठा देते. मला कुणाच्या खांद्याची वाट बघत इथं पडून राहायचं नाही. तिथं उचलायला नेमलेली माणसं आहेत. त्यांना माझ्या मरणाची घाई नाही, रोजची कामं आहेत."

"आई, मेअखेरपर्यंत थांबा. एवढंच मागते."

"तोवर काय होणार आहे?"

तिनं घुम्याकडे बघितलं, घुम्यानं आमटीकडे.

दिला अंगठा. निळा, ठसठशीत, एकही रेघ पुसली नाही. घुम्या म्हणाला, उद्या टाकतो टपालात. सून उठून आत गेली. ताट तसंच. अंडी खायची सोडून हे काय नवीन.

धाकटे, अंगठा दिल्यावर हात पुसायला फडकं मागितलं तर कुणी दिलं नाही. माझ्या पदराला डाग पडलाय. शाईचा डाग जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

२९ एप्रिल

बरेच दिवस लिहवलं नाही. लिहवण्याजोगं घरात कुणी बोलत नाही.

खालची कवळी टोचत होती. सांगणार नव्हते, पण जेवताना तोंड वाकडं झालं ते तिनं बघितलं. "द्या इकडं." यंत्रावर धरून तिनं तांदळाचा चतकोर घासला असेल. मग माझी हनुवटी हातात धरून कवळी बसवली. हनुवटी धरणारा हात पहिल्यासारखा नव्हता. जड होता, गरम होता. काम झाल्यावर तो क्षणभर तसाच राहिला. मग तिनं काढून घेतला.

तुझ्या तुपाची बरणी आज तिनं उघडली. पदर न धरता. मी बघितलंच नाही असं दाखवलं. झाकण आधीच सैल होतं.

खजूर आणि काजू मात्र मी संपवतेय. टेकडीवर घेऊन जायचेत थोडेच. रुसलेल्या माणसाला भूक फार लागते.

१४ मे

सकाळी धुण्याच्या टोपलीत एक चादर दिसली. माझी जुनी, जाड, धुलाईघरातून आणलेली. कोपऱ्यात लाल दोऱ्याच्या तीन गाठी, ती आमची खूण. वरच्या फळीवर असायची. ती इथं कशी?

उचलली तर वाळू सांडली. घुम्याला विचारलं. म्हणाला, "तिकडं वाळूची गोणी असते, आई. गोणीनं हात सोलतात, म्हणून तिनं वर गुंडाळायला नेली." एवढं तो सलग बोलला म्हणजे बघ.

चादर मी अंथरुणावर पसरली. तू पत्र वाचतेस, मी चादर वाचते. उशाशी काही नव्हतं. पायाशी काही नव्हतं. मधल्या भागात, छातीच्या उंचीवर, एक पट्टा सगळीकडून चुरगळलेला. मागच्या बाजूला, जिथं दोन हात एकमेकांत अडकतात, तिथं घट्ट गाठीसारखी सुरकुती. पुढं वरच्या अंगाला घामाचा एक गोल डाग, गाल टेकवल्यासारखा. एकदाच नाही टेकवलेला, खूपदा.

लोखंड उचलताना त्याला गाल कोण टेकवतं?

रुग्णालयाचे झगे धुवायचे तेव्हा बघितलंय मी हे. रोग्याला आया खालून उठवून उभं करायच्या ना, तर त्या झग्यांवर अशीच मिठी उमटायची. पाठीशी गाठ आणि वर गाल. मेलेल्या माणसाच्या कापडावर अशी खूण नसते. मेलेल्याला आडवं उचलतात.

मग दुसरा कोपरा उलटून बघितला. तिथं तांबड्या पेन्सिलीनं आकडा होता. चोपन्न.

सून सत्तर किलोची. घुम्या ब्याऐंशीचा. घरात चोपन्न...

घुम्या, पुरे आज. वही मीट.

१५ मे

काल तब्येत बरी नव्हती. आज लिहवण्यासारखं काही नाही. चादर मी स्वतः धुतली, स्वतः पिळली, स्वतः वाळत घातली. सून म्हणाली, "आई, कशाला, मी टाकली असती मशीनमध्ये." म्हटलं, "मशीनला कळत नाही काय धुवायचं आणि किती." तो गालाचा डाग मी जोर लावून घासला नाही. मळ नव्हता तो, घाम होता. नुसत्या पाण्यानं जाईल तेवढा जाऊ दे.

फ्रिजवरच्या कागदावर अठ्ठेचाळीसवर काट बसलीय. चोपन्न मोकळा आहे.

३० मे

आज शेवटून दुसरा दिवस. परवा एक तारीख, ती खाट रिकामी.

फ्रिजवरच्या कागदावर कालच चोपन्नवर काट बसली होती. सून माझ्याभोवती घुटमळत होती, काहीतरी सांगायचं आहे आणि तोंड उघडत नाही. घुम्याचा गुण लागलाय.

म्हटलं, आता मलाच पुढं व्हायला पाहिजे. घुम्या घरी आहे हे बघून घेतलं. मी शहाणी आहे, वेडी नाही. न्हाणीघरात गेले, आंघोळ उरकली, झगा घातला आणि भिंतीला पाठ लावून सावकाश खाली आले. पडले नाही, धाकटे. बसले. या खेपेला खरंच बसले. मग हाक मारली.

सून आली. दारात थांबली. फरशी बघितली, मला बघितलं, कोरडा झगा बघितला, आणि तिला सगळं कळलं. कळू दे. हुशार आहे ती, हे मी बावीस वर्षांत कधी लिहवलं नाही, आज लिहवते.

घुम्या मागून धावला, तर तिनं हातानंच थांबवलं. माझ्यासमोर उकिडवी बसली. माझे पाय दोन्ही बाजूंनी आपल्या पायांनी अडवले. "आई, हात माझ्या खांद्यावर. गळ्यात नको, खांद्यावर. मी तीन म्हटलं की पुढं झुका."

"आणि दोनला झुकले तर?"

"तर पडाल, आणि मी बसेन शेजारी. गोष्ट शिल्लक आहे एक."

तो खांदा धरला मी. धाकटे, खांदा होता तो. दुधीचा वेल नव्हता. तीन म्हणाली, श्वास सोडला, मार्चमध्ये मी ज्या श्वासाला हसले होते तोच, आणि मी वर आले. ओढत नाही, घासत नाही. चादर दोरीवर जाते तशी, एका झेपेत. उभी राहिले. तिनं सोडलंच नाही. पाठीशी हातांची गाठ तशीच, गाल माझ्या खांद्यावर.

म्हटलं, "सोड आता. मला काय पिळायला काढलंयस?"

सोडलं. डोळे पुसले, नाक पुसलं, दोन्हीला एकच बाही.

"म्हणजे हा तो खांदा," म्हटलं. "आईंसाठी तयार होत होता तो."

तिला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि अशी हसली की न्हाणीघर घुमलं. "अरे देवा! आई, तुम्हाला काय वाटलं? म्हणून अंगठा दिलात?"

"सांगायचं तर तोंड होतं ना तुला?"

"आणि जमलं नसतं तर? पंचवीसवर अडले तेव्हा मला वाटलं, संपलं. तुम्हाला आशा लावायची आणि मग टेकडीवर सोडून यायचं? त्यापेक्षा शिव्या बऱ्या."

शिव्या बऱ्या म्हणते. मग देत राहीन. स्टुलावर बसवताना आदळलंच तिनं मला. उचलायला शिकवतात आणि ठेवायला शिकवत नाहीत. आणि दमसुद्धा लागला होता, लपवत होती. अजून पुष्कळ ढकलायला पाहिजे भिंतीला.

अर्जाचं विचारलं. म्हटलं, अंगठा दिलाय, परत कसा घ्यायचा? घुम्या कान लाल करून उभा. अर्ज त्यानं टाकलाच नव्हता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत याच्या हातून गहाळ झालेलं हे एकच टपाल. सुनेच्या टेबलावर प्लास्टरच्या डब्याखालीच होता तो. वर प्लास्टर सांडून दगड झालंय, कुणाची तरी वरची कवळी त्यावर वाळत ठेवलेली. माझा अंगठा त्या दातांखाली. राहू दे तिथंच.

हे सगळं लिहिताना घुम्याची दोन पानं ओली झाली. अक्षर फिसकटलं असेल तर त्याला बोल, मला नको.

वही भरत आली, उद्या पाठवते. आता नीट ऐक, कारण हे विसरलीस तर गाठ माझ्याशी आहे. सुनेचा वजनाचा काटा आता न्हाणीघराबाहेरच असतो. ती दळण आणायला गेली तेव्हा मी त्यावर उभी राहिले. छप्पन्न. तुझा खजूर, तुझे काजू, तुझं तूप आणि माझा रुसवा, मिळून दोन किलो. तिला सांगितलेलं नाही. तिनं आज छप्पन्न उचलले, हे तिला आत्ताच कळायला नको, शेफारेल. पण पोरीला चोपन्नचाच सराव आहे. तेव्हा जूनपासून दोन डबे कर. माझ्या डब्यात नुसत्या लाह्या, तूप न लावता. खजूर, काजू, बदाम आणि ती तुपाची बरणी, सगळं तिच्या डब्यात. त्याच्या झाकणावर लाल दोऱ्याच्या तीन गाठी मार आणि विसरून डबे उलटे पाठवू नकोस.